आणणाऱ्याला बक्षीस, आलेल्याचे काय?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका नाशिकला राहतात, वय २९. तीन वर्षांपूर्वी त्यांनी एका मित्राच्या सोबतीने डिस्कॉर्ड या ऑनलाइन गप्पांच्या ॲपवर मराठी रोलप्लेचा गट सुरू केला. प्रत्येक सदस्य एक पात्र घेतो आणि इतरांच्या पात्रांशी बोलत-वागत सगळे मिळून एकच गोष्ट पुढे लिहीत नेतात. गटात चाळीस जण आहेत, नियमित लिहिणारे तेरा-चौदा. सदस्य वाढावेत म्हणून उन्हाळ्यात महिनाभर जाहिरात स्पर्धा घेतली. कुठेही जाहिरात टाकली की ५ गुण, त्यातून कोणी गटात आले की ५० गुण, आणि पहिल्या क्रमांकाला २,००० रुपयांची पुस्तके. महिन्याभरात ६१ नवे लोक आले. त्यांतल्या चौघांनी पात्र तयार केले आणि आज एकच जण लिहितो आहे. दोन मोठ्या गटांनी स्पॅम टाकल्याबद्दल यांच्या सदस्यांना बाहेर काढले. जिंकलेल्या तरुणाने नववीतल्या धाकट्या भावाच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावरही जाहिरात टाकल्याचे नंतर कळले. त्याने खोटी खाती उघडली, असाही काही जणांचा आरोप आहे. न्यू जर्सीतून लिहिणाऱ्या, गटातल्या सर्वांत जुन्या सदस्य असलेल्या एका काकूंना शून्य गुण मिळाले आणि तेव्हापासून त्यांनी लिहिलेले नाही. आता सहकारी ॲडमिन दिवाळीत दुप्पट बक्षिसाची स्पर्धा घेऊ म्हणतो. पत्रलेखिका विचारतात, नियम कडक कसे करावेत?

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा माझे लक्ष त्या एका टिकलेल्या सदस्याकडे गेले. तो कोण, कुठली जाहिरात वाचून आला, पहिल्या दिवशी त्याच्याशी कोण बोलले, यातले काहीच तुम्ही लिहिलेले नाही. कदाचित ते त्याला कोणी विचारलेलेही नसेल. साठ जण का गेले याचा तुम्ही पुष्कळ विचार केला आहे, आणि तो करताना स्वतःला बोलही पुष्कळ लावला आहे. पण हा एक का राहिला, हे कळले तर पुढचे सगळे ठरवायला तुम्हाला खरा आधार मिळेल.

आता नियमांविषयी. तुमचे नियम ढिले होते म्हणून हे घडले, असे तुम्ही गृहीत धरले आहे. मला तसे वाटत नाही. नियमांनी जे मागितले ते सदस्यांनी आणून दिले. जाहिरात टाकण्याला गुण होते, जाहिराती पडल्या. दारातून आत येण्याला गुण होते, लोक आत आले. आत येऊन बसण्याला आणि लिहू लागण्याला मात्र एकही गुण नव्हता. १९०२ साली हनोई शहरात फ्रेंच प्रशासनाने उंदीर मारणाऱ्यांना बक्षीस लावले आणि पुरावा म्हणून फक्त शेपूट आणून द्यायला सांगितले. थोड्याच दिवसांत शेपटी तुटलेले जिवंत उंदीर शहरात दिसू लागले, कारण सोडून दिलेल्या उंदराला पिल्ले होतात आणि पिल्लांनाही शेपट्या असतात. नियम कितीही कडक केले तरी मोजायची वस्तू चुकीची असेल, तर माणसे ती चुकीचीच वस्तू अधिक कसोशीने आणून देतात. म्हणून त्या तरुणाला मी लबाड म्हणणार नाही, आणि तुम्हीही म्हणू नये.

दुसरे गृहीतक जास्त खोलवरचे आहे. लोक कमी आहेत, कारण आपण लोकांपर्यंत पोहोचत नाही, असे तुम्हाला वाटते. पण एका महिन्यात ६१ माणसे मराठी रोलप्लेच्या दारापर्यंत आली. ही संख्या लहान नाही. ती माणसे आली, त्यांनी काहीतरी पाहिले आणि ती परत गेली. त्यांनी काय पाहिले असेल, ते तुम्ही पत्रासोबत जोडलेल्या गटाच्या पडद्याच्या चित्रांवरून मी ताडून पाहिले. आत शिरताच डाव्या बाजूला बत्तीस चॅनेलांची, म्हणजे गप्पांच्या वेगवेगळ्या दालनांची, यादी दिसते. स्वागताच्या चॅनेलवर एका बॉटने, म्हणजे आपोआप चालणाऱ्या खात्याने, टाकलेला ठरावीक संदेश आहे. त्याखाली अकरा कलमांची नियमावली आहे आणि मग पात्रपरिचयाचा नमुना, ज्यात डोळ्यांच्या रंगापासून पात्राच्या आजोळच्या गावापर्यंत एकवीस रकाने आहेत. तो भरून दिल्यावर मंजुरीला चार-पाच दिवस लागतात, असे तुम्हीच लिहिले आहे. गोष्ट लिहिण्याच्या ओढीने रात्री साडेदहाला आलेला माणूस एवढे सगळे ओलांडून तुमच्या गोष्टीपर्यंत पोहोचेल, तोवर त्याच्या मनातली ती ओढ विझलेली असते.

हे मी अनुभवाने लिहिते आहे. आमच्या तालुक्याच्या गावात एक जुने वाचनालय होते आणि मी कॉलेजात असताना तिथे सभासद वाढवण्याची मोहीम निघाली. जो सर्वांत जास्त नावे आणेल त्याचा वार्षिक सभेत सत्कार होणार होता. मी पंचेचाळीस नावे आणली. मावशा, शेजारी, वर्गातल्या मुली, घरी दूध घालणारे काका, सगळ्यांच्या नावाने पावत्या फाडल्या आणि सत्काराचा नारळही घेतला. पुढच्या जूनमध्ये वर्गणीचे नूतनीकरण झाले तेव्हा त्या पंचेचाळिसांतले सहाच जण उरले होते. त्या सहाही जणांची नावे आमच्या ग्रंथपाल बाईंच्या एका छोट्या वहीत होती. नव्या सभासदाने पहिले पुस्तक कोणते नेले ते त्या तिथे टिपून ठेवत आणि तो पुस्तक परत करायला आला की शिक्का मारता मारता विचारत, "शेवट पटला का?" तो बोलू लागला की कपाटातून दुसरे पुस्तक काढून त्याच्यापुढे ठेवत. माझ्या मोहिमेच्या दिवसांत गर्दी एवढी झाली होती की बाकीच्या एकोणचाळीस जणांना हे विचारायला त्यांना सवडच मिळाली नव्हती. त्यांची सवड मी खाल्ली, हे समजायला मला पुष्कळ वर्षे लागली.

तुमच्या गटातही तेच झाले असावे. तेरा-चौदा लिहिणारे एका आठवड्यात पंधरा नव्या माणसांशी नीट बोलू शकत नाहीत, आणि त्या महिन्यात तर तुमचे बहुतेक लिहिणारे बाहेर जाहिराती टाकण्यात गुंतलेले असावेत. घरात कोणी नसताना तुम्ही पाहुण्यांना बोलावले.

आता बक्षिसाकडे येऊ. मोठे बक्षीस लावले की लोक जास्त मनापासून काम करतील, या तुमच्या सहकाऱ्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते कंटाळवाण्या कामापुरते. आवडीच्या कामाचे गणित वेगळे असते. मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली स्टॅनफर्डच्या बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्रे काढायला मुळातच आवडणाऱ्या काही मुलांना, चित्र काढले तर प्रशस्तिपत्र मिळेल, असे आधी सांगितले. ती मुले पुढच्या दिवसांत मोकळ्या वेळी चित्रांकडे इतर मुलांच्या जवळपास निम्माच वेळ वळली. ज्यांना काही न सांगता, चित्र काढून झाल्यावर अचानक तेच प्रशस्तिपत्र दिले, त्यांची आवड मात्र कमी झाली नाही. यातून तुम्ही एवढेच घ्या की तुमच्या सदस्यांना हा गट आवडतो म्हणून ते आपल्या मैत्रिणीला त्याबद्दल सांगत होते. त्या सांगण्याला दर लावल्यावर ते मोलाने करायचे काम झाले. आभाराची भेट द्यायची असेल तर ती नंतर द्या, आधी जाहीर न करता.

रिचर्ड बार्टल यांचे निरीक्षणही इथे उपयोगी पडेल. त्यांनी आणि रॉय ट्रबशॉ यांनी १९७८ साली एसेक्स विद्यापीठात अनेकांनी मिळून खेळायचे शब्दांचे पहिले जग उभारले, आणि पुढे १९९६ मध्ये बार्टल यांनी अशा जगात येणाऱ्यांचे चार स्वभाव सांगितले: गुण आणि पातळ्या मिळवणारे, जगाचा कानाकोपरा धुंडाळणारे, माणसांसाठी येणारे आणि इतरांवर कुरघोडी करण्यासाठी येणारे. गुणतक्ता लावला की पहिल्या स्वभावाची माणसे उठून कामाला लागतात. तुमच्या काकू तिसऱ्या स्वभावाच्या असाव्यात. त्यांचा जो संदेश तुम्ही पत्रात उतरवून दिला आहे, "मला कुणाला ओढून आणायला जमत नाही गं, पण कुणी आलं तर मी आहे," तो वाचून मला वाईट वाटले. तीन वर्षे ज्यांनी नव्या पात्रांसोबत पहिला प्रसंग लिहिला, त्यांना तुमच्या तक्त्याने सर्वांसमोर शून्य दिले. गट वाढवण्यात सर्वांत जास्त हातभार ज्यांचा, त्यांचीच जागा शेवटची आली.

मग पर्याय कोणते? पहिला म्हणजे स्पर्धा कायमची बंद करणे. त्यात शांतता आहे, पण तुमच्यासारख्या लहान गटात दर वर्षी दोन-तीन जण नोकरी, लग्न, परीक्षा यांमुळे गळतातच, आणि नवी माणसे आली नाहीत तर गोष्ट हळूहळू दोन-तीन जणांची होऊन बसते. दुसरा पर्याय तुमच्या मनातला: तेच नियम, पण परवानगीविना जाहिरात टाकली तर गुण वजा, एका दिवसात अमुक इतक्याच जाहिराती, खात्यांची तपासणी. यात तुम्ही दिवाळीभर पोलीसपाटील होऊन बसाल आणि गुणांवरून रोज भांडणे सोडवाल. हा मार्ग मी सुचवणार नाही. तिसरा मार्ग म्हणजे स्पर्धा ठेवावी, पण ती कशाची हे बदलावे.

मला त्यात सर्वांत आधी जाहिरातीच्या मजकुराची स्पर्धा घ्यावीशी वाटते, कारण तुमच्याकडे लिहिणारी माणसे आहेत आणि त्यांचे ते बळ तुम्ही वापरलेलेच नाही. तुम्ही पाठवलेली जाहिरात पाहा. वर-खाली चांदण्या, मध्ये "सक्रिय सदस्य, मैत्रीपूर्ण वातावरण, कल्पनाशक्तीला पूर्ण वाव, मदतीला तत्पर ॲडमिन". यातली एकही ओळ गोष्टीबद्दल नाही. पण पत्राच्या तिसऱ्या पानावर, दुसरेच काही सांगताना, तुम्ही सहज लिहून गेला आहात की तुमची गोष्ट भोर घाटातला लोहमार्ग बांधला जात असतानाच्या काळात घडते, सध्या मजुरांच्या तळावर पटकीची साथ आली आहे आणि सुईणीने मुकादमापासून एक मूल लपवून ठेवले आहे. ते वाक्य वाचून मला पुढे काय झाले ते जाणून घ्यावेसे वाटले. हीच तुमची जाहिरात आहे. ती अशी लिहिता येईल: "खंडाळा, १८६०. बोगद्याचे काम थांबलेले नाही, तळावर पटकी आहे आणि सुईणीच्या झोपडीत एक मूल आहे, ज्याची कुणाला खबर नाही. उद्या पहाटे मुकादम झडती घेणार आहे. तळावरच्या तारबाबूची जागा रिकामी आहे. तो कोणाच्या बाजूचा, हे तुम्ही ठरवायचे."

रिकाम्या जागेचा उल्लेख महत्त्वाचा आहे. "सगळ्यांचे स्वागत आहे" हे वाक्य कुणाला उद्देशून नसते. "तारबाबू हवा आहे" हे वाचताच एखाद्याच्या मनात तो तारबाबू बोलू लागतो. इतिहासानेही तुम्हाला अशा जागा भरपूर दिल्या आहेत. घाटाच्या कामाचा ठेका घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली भारतात आल्यावर लवकरच वारला आणि त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेलने, तो ठेका पुढे चालवला. मार्ग १८६३ साली खुला झाला. एका परक्या विधवेच्या कचेरीत काम करणारा मराठी कारकून, ही जागा तुमच्या गोष्टीत आहे का? नसेल तर तीही जाहिरात होऊ शकते. सदस्यांना सांगा की आपल्या पात्राच्या नजरेतून शंभर शब्दांत एक प्रसंग लिहा आणि शेवटी एक रिकामी जागा दाखवा. निवड गटाबाहेरच्या, रोलप्ले न करणाऱ्या दोन-तीन वाचकांकडून करून घ्या. मात्र जुन्या प्रसंगांतला मजकूर वापरणार असाल तर तो ज्यांनी ज्यांनी मिळून लिहिला त्या सगळ्यांची परवानगी आधी घ्या. दोघांनी लिहिलेला संवाद एकाच्या मालकीचा नसतो आणि बाहेर छापलेला आपला मजकूर अचानक समोर आला की माणसे दुखावतात.

हे मजकूर बाहेर कुठे आणि कधी टाकायचे ते सदस्यांवर सोडू नका. ते काम तुम्ही दोघे ॲडमिन करा. ज्या गटांत जाहिरातीसाठी स्वतंत्र चॅनेल आहे, किंवा जे गट एकमेकांच्या जाहिरातींची अदलाबदल करतात, तिथेच टाका. बाकी ठिकाणी आधी तिथल्या चालकांना विचारा. न विचारता ठोक संदेश पाठवणे डिस्कॉर्डच्या नियमांत बसत नाही, आणि त्याचा भुर्दंड सदस्याच्या खात्याला बसू शकतो, हेही लक्षात असू द्या. प्रत्येक ठिकाणासाठी निमंत्रणाची वेगळी लिंक तयार करा. सर्व्हरच्या, म्हणजे तुमच्या गटाच्या, सेटिंगमध्ये कोणत्या लिंकवरून किती जण आले ते दिसते आणि महिन्याभराने टिकलेली माणसे कुठून आली ते तुम्हाला कळू शकते. लिंक करताना मुदतीची खूण बदलायला विसरू नका. काही न बदलता केलेली लिंक सात दिवसांनी बाद होते. उन्हाळ्यात पहिल्या आठवड्यातल्या जाहिराती नंतर वाचणाऱ्या कित्येकांना बंद दार दिसले असण्याची शक्यता आहे.

स्पर्धेचा दुसरा भाग स्वागताचा असावा, आणि तो वैयक्तिक नसावा. दोन-दोन सदस्यांच्या जोड्या करा. प्रत्येक नव्या माणसाला एक जोडी मिळेल. त्या जोडीने त्याच दिवशी त्याच्याशी बोलायचे, पात्रपरिचय भरायला मदत करायची आणि त्याच्यासोबत पहिला प्रसंग सुरू करायचा. आलेल्या माणसाची गणना करायचीच असेल तर ती त्याने गोष्टीत दहावी नोंद लिहिल्यावर करा. खोटे खाते उघडून कुणी दहा नोंदी लिहीत बसत नाही, आणि बसला तर तुम्हाला एक लेखक मिळाला. बक्षीस सगळ्या गटाला मिळून असू द्या. आठ नवी माणसे दहाव्या नोंदीपर्यंत पोहोचली की वर्षभरातल्या निवडक प्रसंगांची छोटी पुस्तिका छापून प्रत्येकाच्या घरी पाठवायची, असे काहीतरी. २,००० रुपयांत काळ्या-पांढऱ्या छपाईच्या बऱ्याच प्रती निघतील. न्यू जर्सीचे टपाल तेवढे वेगळे धरा.

त्यापूर्वी दोन गोष्टी कराव्या लागतील. पात्रपरिचयाचे एकवीस रकाने पाच-सहांवर आणा आणि मंजुरी मिळेपर्यंत नव्या माणसाला लिहिता येईल असा एखादा मोकळा प्रसंग कायम चालू ठेवा, तळावरच्या पाणवठ्यासारखा, जिथे कोणीही येऊन दोन वाक्ये बोलू शकेल. आणि स्पर्धा दिवाळीत घेऊ नका. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत तुमचे लिहिणारे गावी, प्रवासात, स्वयंपाकघरात असतील. तुळशीचे लग्न लागून गेल्यावर, लोक पुन्हा आपापल्या दिनक्रमाला लागल्यावर, दोन-तीन आठवड्यांची ठेवा.

शाळेच्या गटाबद्दल मी जरा कठोरपणे लिहिते. तुमच्या गोष्टीत साथ आहे, मृत्यू आहे, मारहाण आहे, आणि लिहिणारी बहुतेक माणसे तिशी-चाळिशीची आहेत. नववीतली मुले तिथे अनोळखी मोठ्यांशी रात्री-अपरात्री पात्रे बनून बोलणार असतील तर त्याची जबाबदारी तुमच्यावर येते. तेरा वर्षांखालील मुलांना डिस्कॉर्डवर खाते उघडण्याची मुभाच नाही, आणि आपल्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक धरला जातो. गट प्रौढांचा आहे, हे जाहिरातीत पहिल्या ओळीत आणि दारावर लिहा. त्या वर्गातून आलेले कोणी अजून गटात असेल तर त्याला रागावू नका. एका वाक्यात कारण सांगून आजच निरोप द्या. हे पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

जिंकलेल्या तरुणाचे बक्षीस परत मागू नका. खोट्या खात्यांचा संशय असेल तर प्रोफाइलवर खाते कधी उघडले ती तारीख दिसते. ती पाहा, आणि ठोस काही सापडले नाही तर विषय सर्वांसमोर मिटवा. नियम आम्ही चुकीचे केले, त्याने ते पाळले, असे तुमच्या आणि सहकाऱ्याच्या नावाने लिहा. ज्या दोन गटांनी तुमच्या माणसांना काढले त्यांच्या चालकांना थोडक्यात माफीचे पत्र पाठवा, सोबत नवी जाहिरात जोडू नका आणि परत घेण्याची विनंतीही करू नका. त्या तरुणात उमेद आहे. त्याला स्वागताच्या एका जोडीत घ्या.

सहकाऱ्याला हे सगळे पटेलच असे नाही. तो बक्षीस दुप्पट करू म्हणतो, कारण गट आटेल याची त्यालाही काळजी आहे. त्याच्याशी आकड्यांवर वाद घालण्यापेक्षा त्याला शेजारी बसवून दोघांनी मिळून एक नवे खाते उघडा आणि त्या खात्याने आपल्याच गटात शिरून पाहा. पहिले वाक्य लिहायला किती मिनिटे, किंवा किती दिवस लागतात ते घड्याळ लावून मोजा.

आणि काकूंना गटावर जाहीर संदेश लिहू नका, फोन करा. तिकडे सकाळ असेल अशी वेळ साधा. त्यांना स्पर्धेबद्दल काही समजावत बसू नका. तो एक टिकलेला सदस्य पहिला प्रसंग कुणासोबत लिहून गटात राहिला, ते आधी जुन्या नोंदींत पाहून ठेवा. माझा अंदाज आहे की तिथे तुम्हाला काकूंच्याच पात्राचे नाव सापडेल. सापडले तर फोनवर त्यांना तेवढेच सांगा.